सिगाल: धुळीतल्या गॅलेक्सींचा हिशोब मांडणारं फुकट सॉफ्टवेअर, तीन वर्षं वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार. एक तारा का कापला ते पुढे येईलच, आणि खरं सांगायचं तर त्यातला अर्धा दोष सॉफ्टवेअरचा नाही, माझा आहे.

तर सिगाल म्हणजे काय, तर फ्रान्समध्ये मार्सेच्या खगोलशास्त्र प्रयोगशाळेत जन्मलेला एक कोड, पूर्ण नाव कोड इन्व्हेस्टिगेटिंग गॅलेक्सी एमिशन. फ्रेंचमध्ये सिगाल म्हणजे सिकाडा, उन्हाळ्यात झाडावर बसून कर्कश ओरडणारा तो किडा, दक्षिण फ्रान्समधे म्हणे सगळीकडे तोच. २००५ पासून त्याचा पाया आहे, २००९ मधे मोठा पेपर आला, मग सगळं पायथनमधे नव्याने लिहिलं आणि २०१९ मधे बोकिएन आणि मंडळींनी त्यावर सविस्तर पेपर काढला. लायसन्स ओपन आहे, पैसे शून्य. मी पुण्यात पीएचडी करतेय, विषय लांबच्या धूळवाल्या गॅलेक्सी, त्यामुळे हे माझं रोजचं अवजार आहे, सुताराला रंधा असतो तसं.

आता ज्यांना वाटतंय की गॅलेक्सीचं वजन काढायला सॉफ्टवेअरचं रिव्ह्यू कशाला, फोटो काढा आणि मोजा, त्यांच्यासाठी एक जुना किस्सा. १९९५ च्या डिसेंबरमधे हबलने आकाशाचा एक चिमुकला तुकडा दहा दिवस टक लावून बघितला, तोच तो हबल डीप फील्ड, हजारो गॅलेक्सी दिसल्या. मग १९९८ मधे हवाईच्या मॉना कीवरच्या पंधरा मीटरच्या जेसीएमटी दुर्बिणीवर स्कूबा नावाचा कॅमेरा होता, त्याने तोच तुकडा ८५० मायक्रॉनला, म्हणजे जवळजवळ मिलिमीटरभर तरंगलांबीच्या प्रकाशात, पाहिला, आणि तिथली सगळ्यात तेजस्वी वस्तू जिथे होती तिथे हबलच्या फोटोत नीट बोट ठेवावं असं काहीच नव्हतं. एचडीएफ ८५०.१ तिचं नाव. ती नक्की किती लांब आहे हे कळायला २०१२ उजाडलं, म्हणजे चौदा वर्षं! रेडशिफ्ट, म्हणजे वाटेत प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप, जितकं जास्त तितकी गॅलेक्सी लांब, निघाला ५.१८, आणि वर्षाला साडेआठशे सूर्यांएवढे तारे तिथे तयार होतायत असा अंदाज आला. आपल्या आकाशगंगेत हा आकडा वर्षाला एक-दोन सूर्यांचा आहे. म्हणजे गावातली सगळ्यात मोठी भट्टी पेटलेली आणि दिसत काहीच नाही, का, तर सगळा उजेड धुळीने गिळलेला.

ही धूळ म्हणजे आपल्याकडची पंख्यावरची धूळ नाही हां. सिलिकेट आणि कार्बनचे कण, मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाएवढे किंवा त्याहून बारीक. तरुण ताऱ्यांचा अतिनील प्रकाश हे कण खातात, थोडे गरम होतात, गरम म्हणजे वीस ते साठ केल्विन बरं का, उणे दोनशे अंशांच्याही खाली, आणि तीच ऊर्जा लांबच्या इन्फ्रारेडमधे बाहेर टाकतात. विश्वातल्या ताऱ्यांनी आजवर जेवढा प्रकाश सोडला त्यातला साधारण निम्मा असा धुळीच्या पोटातून फिरून आलाय. म्हणून एकट्या हबलचं ऐकून चालत नाही. हबल किंवा जेम्स वेबचा दिसणारा आणि जवळचा इन्फ्रारेड, स्पिट्झर या अंतराळ दुर्बिणीचा २४ मायक्रॉन, हर्शेल या दुसरीचे १०० पासून ५०० मायक्रॉनपर्यंतचे आकडे, चिलीतल्या आल्मा दुर्बिणींचा मिलिमीटर, जमलं तर रेडिओ, हे सगळं एका गॅलेक्सीसाठी एका ओळीत मांडायचं आणि मग विचारायचं की बाई तुझ्यात तारे किती, धूळ किती, आणि नवीन तारे कुठल्या वेगाने जन्मतायत.

सिगाल नेमकं हेच करतं, आणि ज्या तत्त्वावर करतं ते कुठल्याही किराणा दुकानदाराला पटेल. जमा आणि खर्च जुळला पाहिजे. धुळीने अतिनील आणि दिसणाऱ्या प्रकाशातून जेवढी ऊर्जा काढून घेतली तेवढीच तिने इन्फ्रारेडमधे परत दिली पाहिजे, एक रुपया इकडे तिकडे नाही. तुम्ही एकेक मॉड्यूल निवडायचं, तारे जन्माला येण्याचा इतिहास एका मॉड्यूलमधून, ताऱ्यांच्या प्रकाशासाठी ब्रुझुअल आणि शार्लो यांची २००३ ची मॉडेलं, धूळ प्रकाश कसा अडवते त्यासाठी तिसरं, अडवलेली ऊर्जा कशी परत सोडते त्यासाठी ड्रेन आणि ली यांचं किंवा डेल यांचं, मधे ब्लॅकहोल गडबड करत असेल तर त्याचं वेगळं, शेवटी रेडशिफ्ट. थाळी लावल्यासारखं आहे. मग ते तुमच्या दिलेल्या आकड्यांच्या सगळ्या जोड्या लावून लाखो नकली गॅलेक्सी बनवतं, प्रत्येक नकली गॅलेक्सीचा प्रकाश तुमच्या खऱ्या गॅलेक्सीशी ताडून बघतं, आणि जी जास्त जुळते तिला जास्त वजन देऊन सरासरी उत्तर आणि त्याची चूक (एरर) दोन्ही देतं.

इन्स्टॉलेशन सोपं. कोंडा या पायथनच्या पॅकेज मॅनेजरमधे वेगळं एन्व्हायर्नमेंट करा, मॉडेलांचा आणि फिल्टरांचा डेटाबेस बांधला जातो तेवढ्यात चहा होतो. वापरायला चार कमांड, इनिट, जेनकॉन्फ, चेक, रन, आणि सगळा कारभार एका टेक्स्ट फाइलमधे. बटणं-बिटणं नाहीत, खिडक्या नाहीत, ज्यांना टर्मिनलची भीती वाटते त्यांनी आधी ती घालवून घ्या. पण ती टेक्स्ट फाइल इतकी छान आहे ना, प्रत्येक पॅरामीटरच्या डोक्यावर तो काय आहे, कुठल्या युनिटमधे आहे, कुठपर्यंत जाऊ शकतो हे लिहिलेलं असतं, की मॅन्युअल कमीच उघडावं लागतं. एक अजून गोष्ट मला फार आवडते, तुम्ही परत रन केलं तर जुना आउट फोल्डर पुसत नाही, त्याला तारीख-वेळ चिकटवून बाजूला ठेवतं. माझी सगळी पापं अजून सर्व्हरवर तारीखवार जपलेली आहेत.

त्या पापांपैकी पहिलं.

चेक ही कमांड लोक घाईत सोडून देतात, सोडू नका. तुमच्या निवडीप्रमाणे एकूण किती मॉडेलं बनवावी लागतील हे ती रन करायच्या आधीच सांगते. मी नवखी होते, मला वाटलं जितके जास्त पर्याय तितकं उत्तर चांगलं, म्हणून ताऱ्यांच्या इतिहासाच्या कालावधीला आठ आकडे, वयाला आठ, शेवटच्या उसळीला पाच, धुळीच्या लालसरपणाला दहा, धुळीवर पडणाऱ्या प्रकाशाला आठ, पीएएच नावाच्या बारीक कार्बनी रेणूंना चार, अजून एका गॅमाला चार, ब्लॅकहोलच्या हिश्शाला सहा, त्याच्या कोनाला दोन, आणि रेडशिफ्ट तीस. यातला एकही आकडा वेगळा बघितला तर अवाजवी वाटत नाही. गुणाकार करा. चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख छप्पन्न हजार मॉडेलं! मी चेक न करता थेट रन मारलं, शुक्रवारी संध्याकाळी, आणि घरी गेले. सोमवारी सर्व्हरवर बाकीच्या कुणालाच लॉगिन होईना आणि सगळ्यांना कळलं होतं कोणामुळे. सरांनी फाइल उघडली, काही बोलले नाहीत, पेन घेऊन एकेक आकडा खोडत गेले. चार, पाच, तीन, आठ, पाच, दोन, दोन, पाच, कोन एकच. तीस रेडशिफ्टला चौदा लाख चाळीस हजार, म्हणजे जवळजवळ शंभरावा हिस्सा, आणि उत्तरं नंतर ताडून बघितली तर एररच्या पट्ट्यातच होती. ज्या गोष्टीबद्दल तुमच्या डेटाला काही म्हणायचंच नाही तिला दहा पर्याय देऊन उपयोग काय.

दुसरं पाप जास्त मोठं आहे आणि या रिव्ह्यूचा खरा मुद्दा तिथेच आहे.

सिगालला फ्लक्स, म्हणजे आपल्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाचा आकडा, मिलिजान्स्की या युनिटमधे द्यायचा असतो. मी एक चाचणी कॅटलॉग केला होता, सगळे कॉलम एकसारखे हवेत म्हणून मी सगळं नीट मायक्रोजान्स्कीत आणलं, हर्शेलसकट, आणि मग शेवटी हजाराने भागायचं विसरले. सिगालने काय करावं? काही नाही. शांतपणे रन झालं, एक एरर नाही, एक वॉर्निंग नाही. काय-स्क्वेअर, म्हणजे मॉडेल आणि डेटा किती जुळले याचा आकडा, सुंदर. प्लॉट तर असे की पेपरात छापावेत, सगळे ठिपके रेषेवर. माझ्या ज्युनिअरने बघितलं आणि म्हणाला, ताई काय फिट आलाय! आणि मग मी वस्तुमानाचा कॉलम उघडला तर ज्या गॅलेक्सीत पाच हजार कोटी सूर्यांएवढे तारे असायला हवेत तिथे पन्नास लाख कोटी, आणि तारे जन्मायचा वेग वर्षाला दोन लाख सूर्य. अशी गॅलेक्सी विश्वात कुठेच नाही.

याचं कारण अगदी साधं आहे. नकली गॅलेक्सीचा आकार जुळवला जातो, तिची उंची नंतर वर-खाली करून बसवली जाते. सगळे आकडे एकाच पटीने वाढवले, त्यांच्या चुकाही त्याच पटीने वाढवल्या, तर आकार तोच राहतो आणि काय-स्क्वेअर दशांश चिन्हापर्यंत तोच येतो. म्हणजे काय-स्क्वेअरला आपण 'काय' विचारतोय ते आपल्याला कळलं पाहिजे. तो एवढंच सांगतो की तुम्ही दिलेल्या यादीतली कोणतीतरी नकली गॅलेक्सी तुमच्या ठिपक्यांवर बसते. ती खरी असू शकते की नाही हे तो सांगत नाही, त्याचं ते कामच नाही. तीन वर्षांत मी एक पाहिलंय, या सॉफ्टवेअरच्या तोंडून 'मला माहीत नाही' हे वाक्य येत नाही. तुम्ही काहीही वाढा, ते उत्तर देणारच, आणि उत्तराला चार दशांश असणार.

बरं, युनिटचीच गोष्ट निघालीय तर. उत्तरांच्या फाइलमधे ताऱ्यांचं वस्तुमान सूर्यांमधे येतं, तारे जन्मायचा वेग वर्षाला किती सूर्य असा येतो, आणि धुळीचं वस्तुमान येतं किलोमधे. किलो! आणि धुळीची तेजस्विता वॉटमधे. शास्त्र म्हणून बरोबर आहे, एसआय युनिट आहे, पण दहाच्या एकोणचाळीसाव्या घातात किलो बघितले की पहिल्यांदा हसूच येतं, एवढी धूळ झाडायला झाडू कुठून आणायचा. याबद्दल पाव तारा कापला.

आता जे चांगलं आहे ते मनापासून सांगते. ढोबळ उत्तरं खरोखर भरवशाची येतात. धुळीची एकूण तेजस्विता, म्हणजे इन्फ्रारेडमधे किती ऊर्जा बाहेर पडतेय, ही हर्शेल आणि आल्मा दोन्हीचे आकडे असतील तर अगदी घट्ट मिळते, आणि तिच्यावरून तारे जन्मायचा वेग. या धूळवाल्या मंडळींचा अंदाज यावा म्हणून एक प्रसिद्ध गट सांगते. चिलीतल्या अपेक्स दुर्बिणीने ८७० मायक्रॉनला शोधलेल्या जागा आल्माने बारकाईने पाहिल्या, त्यातून ९९ पक्क्या गॅलेक्सींची एलेस नावाची यादी निघाली. २०१५ मधे एलिझाबेट दा कुन्या आणि सहकाऱ्यांनी मॅगफिस नावाच्या दुसऱ्या कोडने त्यांचा हिशोब मांडला, तर सरासरी गॅलेक्सी रेडशिफ्ट २.७ च्या आसपास, तारे नऊ हजार कोटी सूर्यांच्या जरा कमी, धूळ छप्पन्न कोटी सूर्यांएवढी, तिचं तापमान ४३ केल्विन, आणि वर्षाला सुमारे २८० सूर्यांचे तारे. मॅगफिस सिगालचा जुना भाऊबंद म्हणा, तोही जमाखर्चाच्याच तत्त्वावर चालतो. नवीन आलेल्या प्रत्येकाला मी सांगते की आधी असा छापील उत्तर असलेला गट घ्या, त्यावर सिगाल चालवा, उत्तर जवळपास आलं की मगच स्वतःच्या डेटाला हात लावा. मी उलटं केलं होतं, म्हणून सांगतेय.

आणि सगळ्यात भारी फीचर, जे मी पहिलं वर्षभर बंद ठेवलं होतं कारण वेळ दुप्पट लागतो, ते म्हणजे मॉक. फाइलमधे एक शब्द खोटाचा खरा करायचा. मग सिगाल काय करतं, तुमच्या गॅलेक्सीशी सगळ्यात जुळलेली नकली गॅलेक्सी घेतं, जिचं खरं उत्तर त्याला माहीत आहे, तिच्या फ्लक्समधे तुमच्या डेटाएवढाच गोंधळ मिसळतं, आणि स्वतःचीच परीक्षा घेतं की आता तरी मला तेच उत्तर परत मिळतंय का. पेपर त्यानेच काढायचा, त्यानेच सोडवायचा आणि मार्कही त्यानेच द्यायचे, पण गंमत म्हणजे इथे ते प्रामाणिकपणे नापास होतं! माझ्या डेटावर धुळीची तेजस्विता आणि ताऱ्यांचं वस्तुमान सरळ रेषेत आले. गॅलेक्सीचं वय मात्र... खरं वय काहीही असो, उत्तर एकच, माझ्या यादीच्या मधोमध. म्हणजे वर जे मी म्हटलं की हे 'माहीत नाही' म्हणत नाही, ते मॉकमधे म्हणतं, फक्त तुम्ही विचारायला हवं. वयाचा तो कॉलम मी माझ्या ड्राफ्टमधून सरळ काढून टाकला.

याच्यापुढे थोडं तक्रारीचं, पण हे सिगालचं एकट्याचं नाही, या पद्धतीचंच दुखणं आहे.

जमाखर्च जुळवायचा तर जमा आणि खर्च एकाच दुकानाचा हवा ना? आल्माने अगदी बारीक फोटो काढायला सुरुवात केल्यावर दिसलं की अनेक लांबच्या गॅलेक्सीत धूळ मधल्या छोट्याशा भागात दाटलेली असते आणि हबलला दिसणारा निळसर प्रकाश बाहेरच्या भागातून, कधी तर चक्क एका बाजूने येतो. म्हणजे सोसायटीत तळमजल्याच्या मीटरवर वरच्या मजल्याचं बिल लावल्यासारखं. जो प्रकाश आपल्याला दिसतो तो धुळीतून गेलेलाच नाही आणि जो धुळीने गिळला तो दिसतच नाही, आणि सिगाल दोघांना एका घरचं समजून हिशोब बसवतं. बसतोही! फक्त धुळीचा लालसरपणा आणि ताऱ्यांचं वस्तुमान त्यात कुठेतरी ओढलं जातं. धूळ अडवण्याची मॉडेलं बदलून बघता येतात, एक मृदू एक कडक, मी नेहमी दोन्ही चालवते आणि जिथे वस्तुमान दुपटीहून जास्त हलतं ती गॅलेक्सी वेगळ्या यादीत टाकते.

दुसरं, हर्शेलचा आरसा साडेतीन मीटरचा होता, अंतराळात त्या काळी तेवढा मोठा दुसरा नव्हता, तरी ५०० मायक्रॉनला त्याचा एक ठिपका छत्तीस आर्कसेकंदांचा (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). त्या एका ठिपक्यात हबलला डझनावारी गॅलेक्सी दिसतात, मग हा उजेड कुणाच्या नावावर मांडायचा? एलेसच्या वेळीच आल्माने दाखवून दिलं की एकच स्रोत वाटलेल्या जागांपैकी निदान तिसऱ्या हिश्शात दोन-दोन तीन-तीन गॅलेक्सी दडलेल्या होत्या. ही वाटणी सिगाल करत नाही, करूही नये, पण तुम्ही कॅटलॉग डोळे मिटून दिलात तर शेजाऱ्याची ऊर्जा तुमच्या गॅलेक्सीच्या खात्यात जाणार आणि काय-स्क्वेअर पुन्हा हसत राहणार. इथे एक कामाची टिप, जिथे हर्शेलला काही दिसलंच नाही तिथे तो आकडा रिकामा सोडू नका, वरची मर्यादा म्हणून द्या, सिगालमधे त्याला चूक ऋण चिन्हाने लिहायची असते. 'दिसलं नाही' हीपण माहितीच आहे, रिकामी जागा ठेवली की तीही वाया.

तिसरं म्हणजे रेडशिफ्ट पक्का नसेल तर जपून. धुळीच्या प्रकाशाचा उंचवटा कुठे पडतो हे तापमान आणि रेडशिफ्ट दोघं मिळून ठरवतात. तीस केल्विनची धूळ रेडशिफ्ट दोनवर आणि पन्नास केल्विनची चारवर, तापमानाला रेडशिफ्ट अधिक एकने भागायचं, तीस भागिले तीन दहा, पन्नास भागिले पाच दहा, दोघींचा उंचवटा आपल्याकडे एकाच तरंगलांबीला येतो. थंड आणि जवळची की गरम आणि लांबची, फक्त इन्फ्रारेडवरून देवालाही सांगता येणार नाही. भरीस भर म्हणजे ८५० मायक्रॉनला गॅलेक्सी लांब नेली तरी फारशी मंद होत नाही, रेडशिफ्ट एकपासून सात-आठपर्यंत जवळपास तेवढीच तेजस्वी, कारण जितकी लांब जाते तितका तिचा उंचवटा आपल्या खिडकीकडे सरकत येतो. शोधायला हे वरदान, अंतर ओळखायला शाप.

आणि उलटा घोळ तर सगळ्या जगाने पाहिला. जेम्स वेबचा डेटा नुकता आला होता, जुलै २०२२, आणि सीअर्स नावाच्या सर्वेक्षणाच्या फोटोंत एक गॅलेक्सी सापडली, ९३३१६ नंबरची, फिटिंगवरून रेडशिफ्ट निघाला सोळाच्या वर, म्हणजे विश्व जेमतेम पंचवीस कोटी वर्षांचं असतानाची. तेव्हाच काही जण म्हणत होते की बाबांनो ही धुळीने लाल झालेली, रेडशिफ्ट पाचच्या जवळची पण असू शकते. २०२३ मधे स्पेक्ट्रम घेतला. ४.९! धूळ आणि ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जाड रेषा नेमक्या त्या त्या फिल्टरात येऊन पडल्या होत्या आणि त्यांनी मिळून अतिप्राचीन गॅलेक्सीचं हुबेहूब सोंग घेतलं. यात कुणा एका कोडला नावं ठेवण्यात अर्थ नाही, फिट चांगलाच होता, दुसरं उत्तरही चांगलंच बसत होतं एवढंच.

ब्लॅकहोलवालं मॉड्यूल, म्हणजे एजीएन, याबद्दल मला अजून मन बनवता आलेलं नाही. स्कर्टर नावाचं मॉडेल आतच मिळतं, २०२० च्या सुमाराला क्ष-किरणांचीही सोय आली, आता तर क्ष-किरणांपासून रेडिओपर्यंत एका रनमधे बसवता येतं, दुसरीकडे ही सोय इतकी सहज मिळत नाही. पण रेडशिफ्ट दोनच्या गॅलेक्सीचा २४ मायक्रॉनचा ठिपका म्हणजे मुळातला आठ मायक्रॉन, आणि तिथेच पीएएचची मोठी रेष असते. तो एक ठिपका जरा वर असला तर पीएएच जास्त की ब्लॅकहोलभोवतीची गरम धूळ? एका ठिपक्यावर भांडण कसं सोडवणार. सिगाल अशा वेळी थोडं याला थोडं त्याला देऊन तडजोड करतं, ग्रामपंचायतीसारखं, आणि मग पेपरमधे 'वीस टक्के एजीएन' असं लिहिलेलं दिसतं.

दुसरे पर्याय? मॅगफिस फोरट्रानमधलं, त्याच्या नकली गॅलेक्सींचा साठा आधीच तयार येतो, तुम्हाला निवडायचं फार नाही, एका गॅलेक्सीला काही मिनिटं लागतात. ज्यांना पन्नासच गॅलेक्सी करायच्यात आणि पॅरामीटरची डोकेदुखी नकोय त्यांनी खुशाल तेच घ्यावं, फक्त मूळ आवृत्तीत एजीएन नाही हे लक्षात ठेवा. प्रॉस्पेक्टर हे आजचं लाडकं, ताऱ्यांचा इतिहास ठराविक साच्यात कोंबत नाही, तुकड्यातुकड्यांनी मोकळा सोडतं, डोक्याने ते सगळ्यात पुढे आहे असं मला वाटतं, पण एकेका गॅलेक्सीवर तासन्‌तास. माझ्यासारख्या शेकड्यांनी गॅलेक्सी असणाऱ्यांना आणि हर्शेलच्या हेल्प प्रोजेक्टसारख्या लाखोंनी असणाऱ्यांना सिगालच, तिथे त्यांनीही सिगालच वापरलंय. आणि ज्यांना वाटतं की एकच कोड खरा, त्यांनी २०२३ चा पाचिफिची आणि मंडळींचा पेपर बघावा, चौदा कोड एकाच डेटावर चालवले, ताऱ्यांच्या वस्तुमानावर बऱ्यापैकी एकमत, तारे जन्मायचा वेग आणि धूळ आली की मतभेद. मला तो पेपर वाचून फार बरं वाटलं होतं, कारण तोपर्यंत मला वाटायचं मीच काहीतरी चुकतेय.

आपल्याकडच्यांसाठी एक खास गोष्ट. रेडिओ लहरींना धूळ अडवत नाही, आणि सिगालमधे रेडिओचं मॉड्यूल आहे, इन्फ्रारेड आणि रेडिओ यांचं जे जुनं नातं आहे त्यावर चालणारं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या पंचेचाळीस मीटरच्या तीस डिश उभ्या आहेत, तिथला ठिपका तुमच्या कॅटलॉगमधे असेल तर जरूर टाका, इन्फ्रारेडचा हिशोब एका तिऱ्हाइताकडून तपासून मिळतो. रेडिओ अपेक्षेपेक्षा फारच जास्त निघाला तर समजा आत ब्लॅकहोल जागा आहे. ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या यूव्हीआयटी या अतिनील दुर्बिणीचे फिल्टर यादीत नसतील तर स्वतः घालता येतात, एका छोट्या फाइलचं काम, फक्त वरच्या ओळीत फिल्टर फोटॉन मोजतो की ऊर्जा हे बरोबर लिहा, मी एकदा उलटं लिहिलं होतं. हो, पुन्हा मीच.

तर घ्यावं का? घ्या. ज्यांच्याकडे पाचापेक्षा कमी ठिपके आहेत आणि इन्फ्रारेडमधे एकही नाही त्यांनी नका घेऊ, उत्तर मिळेल पण ते तुमच्या यादीचं असेल, गॅलेक्सीचं नाही. बाकीच्यांनी मिलिजान्स्की भिंतीवर लिहून ठेवा, मॉक चालू ठेवा, उत्तर यादीच्या टोकाला चिकटलं असेल तर यादी वाढवा, आणि फ्लक्सच्या चुकीत ते आपणहून दहा टक्के मिसळतं ते माहीत असू द्या, बदलता येतं.

आज रात्री माझा तोच कॅटलॉग एजीएन पूर्ण बंद करून परत लावतेय, तडजोडीचे ते वीस टक्के काढून घेतल्यावर पीएएचचं काय होतं ते बघायचंय. चेक केलंय. दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार मॉडेलं, आठ कोर, सकाळपर्यंत व्हायला हरकत नाही, आणि यावेळी सर्व्हरच्या ग्रुपवर आधी मेसेजही टाकलाय.